अफगाण निर्वासित आणि भारत : निर्वासितांच्या कायद्याविना दिलेला आसरा

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या ताब्यात गेले. जगातील अनेक सरकारांपुढे त्या दिवसापासून एकच प्रश्न उभा राहिला : देश सोडू पाहणाऱ्या अफगाणांपैकी कोणाला घ्यायचे, किती जणांना घ्यायचे आणि कोणत्या हक्कांसह घ्यायचे? अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी यासाठी स्वतंत्र योजना आखल्या आणि आकडे जाहीर केले. भारताने आकडा जाहीर केला नाही आणि पुनर्वसनाची योजनाही आखली नाही. भारताने एक व्हिसा निर्माण केला. तो निर्णय कोणत्या कायदेशीर चौकटीत घेतला गेला, त्यातून कोणाला आसरा मिळाला, कोण दाराबाहेर राहिले आणि आत आलेल्यांचे पुढे काय झाले, याचा हा आढावा.

कायद्याची चौकट

निर्वासितांसंबंधीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार व त्याला जोडलेला १९६७ चा पूरक करार यांपैकी एकावरही भारताची स्वाक्षरी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीवर भारत १९९५ पासून आहे; परंतु देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा अद्याप झालेला नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा ‘भारताचा नागरिक नसलेला’ एवढीच परकीयाची व्याख्या करीत असे. पर्यटक, व्यापारी, विद्यार्थी आणि जीव वाचवून आलेला माणूस हे सारे त्या व्याख्येत एकाच रांगेत उभे राहतात. व्हिसाची मुदत संपली की चौघांचाही गुन्हा एकच ठरतो.

ही पोकळी सरकारने प्रशासकीय आदेशांनी भरून काढली. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. अफगाण, म्यानमारचे नागरिक, सोमाली आदींची नोंदणी व छाननी दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्तालय करते. हे उच्चायुक्तालय जे ओळखपत्र देते त्याला भारतीय कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. व्यवहारात मात्र पोलीस ठाण्यात, शाळेत वा रुग्णालयात तोच एक कागद अनेकांच्या हाताशी असतो.

२९ डिसेंबर २०११ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने एक प्रमाणित कार्यपद्धती राज्यांना पाठवली. आपण निर्वासित आहोत असे सांगणाऱ्या परकीयाची चौकशी करावी. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट समाजगटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची त्याची भीती सकृद्दर्शनी साधार वाटल्यास दीर्घकालीन व्हिसासाठी त्याची शिफारस करावी, असे त्यात म्हटले आहे. असा व्हिसा मिळालेल्यास खासगी क्षेत्रात नोकरी करता येते आणि शिक्षण घेता येते. भारतातील निर्वासित-व्यवहाराचा खरा कणा हाच दस्तऐवज होय. तथापि तो संसदेने केलेला कायदा नाही, त्यामुळे त्यावर हक्क म्हणून बोट ठेवता येत नाही.

न्यायालयांनी या चौकटीला थोडा आधार दिला. राज्यघटनेचे कलम १४ व कलम २१ ‘व्यक्ती’ला लागू आहेत, केवळ नागरिकाला नव्हे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, परकीयाच्याही जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट केले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात, छळाची भीती असलेल्या देशात माणसाला परत न पाठवण्याचे तत्त्व कलम २१ मध्येच अंतर्भूत असल्याचे मानले. मात्र एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, हद्दपार न होण्याचा हक्क भारतात राहण्याच्या हक्काशी जोडलेला असून तो केवळ नागरिकांना आहे, असे म्हटले. काबूल पडण्यापूर्वी चारच महिने आधीची ही गोष्ट आहे.

आगमनाच्या लाटा

अफगाणांचे भारतात येणे २०२१ मध्ये सुरू झालेले नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पहिली लाट आली. १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचे सरकार कोसळले आणि यादवी पेटली, तेव्हा काबूल, जलालाबाद, गझनी, कंदाहार येथील हिंदू व शीख कुटुंबे मोठ्या संख्येने दिल्लीत आली. तालिबानच्या पहिल्या राजवटीत, १९९६ ते २००१ या काळात, तिसरी लाट आली. २००१ नंतर परतीची आशा निर्माण झाली खरी. परंतु सुरक्षितता टिकली नाही. १ जुलै २०१८ रोजी जलालाबादेत झालेल्या आत्मघाती हल्ल्यात १९ जण मारले गेले. त्यांत बहुसंख्य शीख व हिंदू होते. २५ मार्च २०२० रोजी काबूलच्या शोर बाजार भागातील गुरुद्वारा हर राय साहिबवर हल्ला झाला आणि २५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर भारताने त्या समाजाला व्हिसा देण्याची प्रक्रिया सुरू केली आणि जुलै २०२० मध्ये ११ जणांचा गट दिल्लीत पोहोचला.

दिल्लीत या लाटांनी आपापल्या वसाहती घडवल्या. शीख कुटुंबे टिळक नगर परिसरात स्थिरावली. पश्तून, हजारा, ताजिक, उझबेक अशी मुस्लिम कुटुंबे लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर या भागांत राहिली. तेथे काबुली नानच्या भट्ट्या, सुक्या मेव्याची दुकाने, दरी भाषेतील पाट्या आणि रुग्णालयांत दुभाष्याचे काम करणारे तरुण दिसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिल्ली कार्यालयाकडे नोंद असलेल्या अफगाणांची संख्या १५ हजारांच्या आसपास होती.

ऑगस्ट २०२१ : व्हिसा आणि त्याचे दुसरे अंग

१७ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमधील भारतीय राजदूत व कर्मचारी हवाई दलाच्या सी-१७ विमानाने परतले आणि दूतावासाचे काम थांबले. त्याच दिवशी गृह मंत्रालयाने ‘ई-इमर्जन्सी एक्स-मिसलेनियस’ या नावाचा नवा इलेक्ट्रॉनिक व्हिसा जाहीर केला. अर्ज ऑनलाइन करावयाचा, धर्माची अट नाही, प्रारंभीची मुदत सहा महिने, आणि सुरक्षा छाननी दिल्लीत, असे त्याचे स्वरूप होते. काबूलमधील खिडकी बंद झाल्यावर दिल्लीत उघडलेली ही एकमेव खिडकी होती.

आठ दिवसांनी, २५ ऑगस्ट रोजी, या निर्णयाचे दुसरे अंग पुढे आले. अफगाण नागरिकांना यापुढे केवळ ई-व्हिसावरच भारतात प्रवेश मिळेल आणि भारताबाहेर असलेल्या अफगाणांना आधी दिलेले सर्व व्हिसा तत्काळ रद्द समजावेत, असा आदेश निघाला. काही अफगाण पारपत्रे गहाळ झाल्याच्या वार्ता आल्याने हे पाऊल उचलल्याचे सरकारने सांगितले. कारण गैर नव्हते. पारपत्रांच्या गैरवापराचा धोका खरा होता. परंतु त्याचा भार ज्यांच्या पारपत्रावर आधीच रीतसर छाननी होऊन व्हिसाचा शिक्का बसलेला होता त्यांच्यावरही पडला. उपचारांसाठी निघालेले रुग्ण, प्रवेश मिळालेले विद्यार्थी आणि सुटीसाठी घरी गेलेली कुटुंबे यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

नव्या व्हिसाचे दार किती उघडले, हे सरकारनेच संसदेत दिलेल्या उत्तरावरून कळते. २४ नोव्हेंबर २०२१ पर्यंत असे २०० व्हिसा देण्यात आले होते. आलेल्या अर्जांच्या तुलनेत ही संख्या अत्यल्प होती.

या काळातील एका घटनेची नोंद आवश्यक आहे. अफगाण संसदेच्या सदस्य रंगीना कारगर २० ऑगस्ट रोजी इस्तंबूलहून राजनैतिक पारपत्रावर दिल्ली विमानतळावर उतरल्या. अशा पारपत्रधारकांना परस्पर करारानुसार व्हिसाविना प्रवेश असे. तरीही त्यांना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. २६ ऑगस्टच्या सर्वपक्षीय बैठकीत हा विषय निघाला आणि सरकारने चूक मान्य केल्याचे विरोधी पक्षनेत्यांनी बैठकीनंतर सांगितले. त्यांना नव्या व्हिसासाठी अर्ज करण्यास सुचवण्यात आले.

ऑपरेशन देवी शक्ती

सुटकेच्या मोहिमेला ‘ऑपरेशन देवी शक्ती’ असे नाव देण्यात आले. २२ ऑगस्ट रोजी हवाई दलाचे सी-१७ विमान काबूलहून १६८ जणांना घेऊन हिंडन तळावर उतरले. त्यांत १०७ भारतीय होते. उर्वरितांत अफगाण शीख व हिंदू आणि नरेंदर सिंग खालसा व अनारकली होनरयार हे दोन संसद सदस्य होते. २४ ऑगस्टला दुशान्बेमार्गे आलेल्या प्रवाशांनी गुरु ग्रंथ साहिबच्या तीन प्रती मस्तकी धरून आणल्या. काबूल विमानतळावरील आत्मघाती स्फोटानंतर आणि अमेरिकी फौजा परतल्यानंतर मोहीम थांबली. १० डिसेंबर २०२१ रोजी एका विशेष विमानाने १० भारतीय व ९४ अफगाण आले. एकूण ६६९ जणांची सुटका झाली, त्यांपैकी ४४८ भारतीय होते. मोहिमेचा मुख्य हेतू स्वदेशीयांची सुटका हा होता, हे या आकड्यांतूनच दिसते.

१८ जून २०२२ रोजी काबूलच्या करते परवान गुरुद्वारावर हल्ला झाला, तेव्हा भारताने शंभरहून अधिक हिंदू व शिखांना प्राधान्याने ई-व्हिसा दिले. निर्णय झाला की ही यंत्रणा किती वेगाने चालू शकते, याचे ते उदाहरण होते.

विद्यार्थी : पुण्याशी जोडलेला धागा

महाराष्ट्राचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध विद्यार्थ्यांमुळे येतो. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद अफगाण विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी एक हजार शिष्यवृत्त्या राखून ठेवीत असे. २०२१ मध्ये भारतात सुमारे १३ हजार अफगाण विद्यार्थी शिकत असल्याचा अंदाज होता आणि पुणे हे त्यांच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते. करोनाकाळात वर्ग ऑनलाइन झाल्याने दोन हजारांहून अधिक विद्यार्थी मायदेशी गेले होते. २५ ऑगस्टच्या आदेशाने त्यांचे व्हिसा रद्द झाले आणि ते तिथेच अडकले. विद्यापीठाच्या यादीत नाव, शिष्यवृत्ती मंजूर, परीक्षेची तारीख जाहीर आणि प्रवेशाची परवानगी मात्र नाही, अशी त्यांची स्थिती होती. मुलींच्या बाबतीत ही अडचण अधिक दाहक ठरली, कारण डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने स्त्रियांसाठी विद्यापीठांची दारे बंद केली. २०२३ मध्ये परिषदेने अफगाणांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या एक हजार शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. घरी बसून पदवी मिळण्याचा मार्ग त्यामुळे काहींना खुला झाला.

भारतात असलेल्या विद्यार्थ्यांपुढील प्रश्न वेगळा होता. पदवी संपली की विद्यार्थी व्हिसा संपतो, परतायचे कोठे? अनेकांनी पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तो शिकण्याच्या ओढीइतकाच राहण्याच्या परवानगीसाठी. देशातील लष्करी प्रबोधिनींत प्रशिक्षण घेणाऱ्या सुमारे ८० अफगाण छात्रांची अडचण याहून विलक्षण होती : ज्या सैन्यासाठी ते घडत होते ते सैन्यच उरले नव्हते. त्यांच्यासाठी सरकारने एक वर्षाचा इंग्रजी भाषेचा अभ्यासक्रम, निवास व भत्त्यासह, देऊ केला.

दिल्लीतील दिवस

२३ ऑगस्ट २०२१ पासून शेकडो अफगाणांनी दिल्लीतील वसंत विहार येथील उच्चायुक्तालयाच्या कार्यालयासमोर ठिय्या दिला. निर्वासिताचा दर्जा द्या, तिसऱ्या देशात पुनर्वसनासाठी शिफारस करा आणि सुरक्षिततेची हमी द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांतील अनेक जण दहा-दहा वर्षे भारतात राहत होते. त्यांची तक्रार उपासमारीची नव्हती, अनिश्चिततेची होती. आधार क्रमांक नाही म्हणून बँकेत खाते नाही, खाते नाही म्हणून रीतसर नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून भाडेकरार नाही, अशी ही साखळी आहे. शाळेत मुलांना प्रवेश मिळतो, सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात. परंतु अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या हाती पुढे काय द्यावे, हे पालकांना कळत नाही. दीर्घकालीन व्हिसा मिळाला तर साखळीची पहिली कडी सुटते, म्हणून त्या व्हिसाचे महत्त्व.

नागरिकत्वाची वाट

येथे अफगाणांचे दोन गट पडतात. डिसेंबर २०१९ मध्ये संमत झालेल्या नागरिकत्व सुधारणा कायद्यानुसार अफगाणिस्तान, पाकिस्तान व बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना बेकायदा स्थलांतरित मानले जात नाही; नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्याची अट त्यांच्यापुरती ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली गेली. या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत पहिली प्रमाणपत्रे देण्यात आली.

त्याआधीही जिल्हा पातळीवर एक मार्ग होता. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने या सहा समाजांतील व्यक्तींना नोंदणी वा देशीयकरणाने नागरिकत्व देण्याचे अधिकार ठरावीक जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर आणि मध्य प्रदेशातील भोपाळ व इंदूर हे जिल्हे होते. मे २०२१ च्या अधिसूचनेत आणखी १३ जिल्ह्यांची भर पडली. वडोदरा त्यांपैकी एक. अर्थात या जिल्ह्यांतील बहुतांश अर्जदार अफगाण नसून पाकिस्तानातून आलेले होते.

या व्यवस्थेवरील वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. सरकारची भूमिका अशी की, या तीन देशांत धार्मिक अल्पसंख्याकांचा छळ ही ज्ञात वस्तुस्थिती आहे, कायदा कोणाचेही नागरिकत्व काढून घेत नाही आणि इतरांना देशीयकरणाचा सर्वसाधारण मार्ग खुला आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की, तालिबानने छळलेले हजारा शिया, पत्रकार, न्यायाधीश किंवा मुलींना शिकवणाऱ्या शिक्षिका या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय कालमर्यादेचा प्रश्न आहे : २०१८, २०२० व २०२२ च्या हल्ल्यांनंतर जीव मुठीत घेऊन आलेले शीख व हिंदूही २०१४ च्या रेषेपलीकडेच राहतात.

१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार जुने कायदे रद्द केले. निर्वासिताची व्याख्या या नव्या कायद्यातही नाही. मात्र त्यासोबत निघालेल्या आदेशाने, याच तीन देशांतून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कागदपत्रांविना आलेल्या वा कागदपत्रांची मुदत संपलेल्या याच सहा समाजांतील व्यक्तींना दंडात्मक कारवाईतून सूट देण्यात आली. त्यामुळे नंतर आलेल्या शीख-हिंदूंना राहण्याची निश्चिती मिळाली. नागरिकत्वाची कालमर्यादा मात्र २०१४ चीच राहिली.

दूतावासाविना नागरिक

निर्वासिताला स्वदेशाच्या सरकारचे संरक्षण नसते. भारतातील अफगाणांच्या बाबतीत काही काळ सरकारचे कार्यालयही नव्हते. पूर्वीच्या प्रजासत्ताकाचा दिल्लीतील दूतावास १ ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो कायमचा बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले. पारपत्राचे नूतनीकरण, जन्माचे व विवाहाचे दाखले, पदवीचे साक्षांकन यांसाठी मुंबई आणि हैदराबाद येथील वाणिज्य दूतावास हाच आधार उरला. भारत सरकारने जून २०२२ मध्ये काबूलला तांत्रिक पथक पाठवले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला येऊन गेल्यावर त्या पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. एप्रिल २०२५ च्या अखेरीस वैद्यकीय, व्यावसायिक, विद्यार्थी आदी प्रकारांसाठी अफगाणांना नवी ऑनलाइन व्हिसा-पद्धती उपलब्ध झाली. संबंध सुधारल्याने रुग्ण व व्यापारी यांची सोय झाली. जो तालिबानच्याच भीतीने आला, त्याला मात्र त्याच राजवटीच्या प्रतिनिधीकडे पारपत्रासाठी जाणे म्हणजे आपला पत्ता स्वतः कळवणे वाटते.

तिसऱ्या देशाची वाट

भारतातील अनेक अफगाण कुटुंबांनी हा देश मुक्काम न मानता थांबा मानला, तो कॅनडा, अमेरिका वा ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी. कॅनडाने ४० हजार अफगाणांना घेण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०२३ मध्ये ते ओलांडले. खासगी पुरस्कर्त्यांच्या साहाय्याने दिल्लीतील काही शीख कुटुंबेही तिकडे गेली. परंतु २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने आपला निर्वासित-प्रवेश कार्यक्रम स्थगित केला. पाकिस्तानने ऑक्टोबर २०२३ पासून आणि इराणने २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर अफगाणांना परत पाठवले. तिसऱ्या देशाची दारे अशी मिटत गेली की थांब्याचेच घर होते, आणि तेव्हा येथील कायदा काय म्हणतो याला पूर्वी कधी नव्हते एवढे महत्त्व येते.

शिल्लक राहिलेला प्रश्न

भारताच्या धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. लक्षावधी निर्वासितांना या देशाने स्वाक्षरीविना सामावून घेतले. अफगाणिस्तानात धरणे, रस्ते, संसद भवन बांधले आणि ५० हजार टन गव्हाची मदत जाहीर करून २०२२ मध्ये तो पाकिस्तानच्या भूमीवरून पाठवण्यास सुरुवात केली. सीमा असुरक्षित असलेल्या देशाने सुरक्षा छाननीबाबत सावध राहणे समजण्याजोगे आहे. लवचीकता हा या धोरणाचा गुण आहे; १८ जून २०२२ नंतर ती दिसली. तीच लवचीकता २५ ऑगस्ट २०२१ रोजी उलट दिशेने वळली आणि हजारोंचे व्हिसा एका आदेशाने गेले. दोन्ही निर्णयांना मर्यादा घालणारा कायदा नव्हता.

आश्रयासंबंधी खासगी विधेयके लोकसभेत एकाहून अधिक वेळा मांडली गेली. त्यांपैकी एकही कायदा झाले नाही. असा कायदा झाला तर दार अधिक उघडेलच असे नाही. कोणाला नाकारायचे हेही त्यातून ठरेल. पण नाकारण्याचे कारण लेखी मिळेल, त्यावर दाद मागता येईल आणि ज्याला स्वीकारले त्याला दरवर्षी नव्याने सिद्ध व्हावे लागणार नाही. पुण्यात पदवी घेऊन थांबलेल्या तरुणाची किंवा लाजपत नगरात नानची भट्टी चालवणाऱ्या कुटुंबाची मागणी याहून मोठी नाही. उद्या आपण येथे असू की नाही, याचे उत्तर त्यांना आज हवे आहे.